बंगाली चित्रपटांचा इतिहास जपताना : नवख्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

बंगाली चित्रपटांच्या जतनाचे काम करण्याची इच्छा असलेल्या नवख्या माणसाच्या डोळ्यांसमोर बहुधा फिल्मचे रीळ असते. प्रत्यक्षात रीळ त्याच्या हाती क्वचितच येते. हाती येतात त्या चित्रपटगृहात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका, लॉबी कार्डे (चित्रपटगृहाच्या दालनात लावायची छापील चित्रे), चित्रपटांची स्थिरचित्रे, मासिकांचे सुटे अंक, ७८ गतीच्या तबकड्या आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या व्हीसीडी. कित्येक मूळ चित्रपट उरलेलेच नसल्यामुळे त्यांचा इतिहास आता या वस्तूंवरूनच लिहावा लागतो. या कामात वस्तू साफ करणे किंवा स्कॅन करणे दुसऱ्या क्रमांकावर येते. ती कोठून आली, कशाबरोबर होती आणि तिच्यावर नेमके काय छापले आहे याची नोंद पहिल्या क्रमांकावर येते. पुढील सर्व पायऱ्या हे गृहीत धरून लिहिल्या आहेत.

पहिली पायरी : काय गेले आणि काय उरले, हे समजून घ्यावे

हीरालाल सेन यांनी १८९८च्या सुमारास कलकत्त्यात रॉयल बायोस्कोप कंपनी सुरू केली, क्लासिक थिएटरमधील नाटकांची दृश्ये कॅमेऱ्यात टिपली आणि १९०५च्या वंगभंगविरोधी आंदोलनाचेही चित्रण केले. १९१७मध्ये लागलेल्या आगीत त्यांचा साठा जळाला, त्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि आज त्यांचा एकही चित्रपट पाहायला मिळत नाही. जे. एफ. मादन यांच्या कंपनीने १९३१मध्ये पडद्यावर आणलेला ‘जामाई षष्ठी’ हा पहिला बंगाली बोलपटही हरवला आहे. बी. एन. सरकार यांनी त्याच वर्षी टॉलीगंजमध्ये उभ्या केलेल्या न्यू थिएटर्सच्या स्टुडिओला लागलेल्या आगीत अनेक निगेटिव्ह, म्हणजे ज्यांवरून प्रती काढतात त्या मूळ फिल्म, नष्ट झाल्या. प्रमथेश बरुआ यांच्या बंगाली ‘देवदास’ची (१९३५) एकच प्रत उरल्याचे सांगितले जाते, ती बांगलादेशात आहे आणि तीही अपुरी आहे.

आगीइतकेच नुकसान व्यवहाराने केले. चित्रपटगृहांतील खेळ संपले की प्रिंटला, म्हणजे पडद्यावर दाखवायच्या प्रतीला, बाजारमूल्य उरत नसे, मग ती चांदी काढण्यासाठी भंगारात जात असे. कोलकात्याच्या दमट हवेने उरलेल्यातले बरेचसे खाल्ले. १९४७नंतर बंगाली चित्रपटांचे क्षेत्र दोन देशांत विभागले गेले. १९५६मध्ये अब्दुल जब्बार खान यांचा ‘मुख ओ मुखोश’ प्रदर्शित झाल्यावर ढाक्यातही बंगाली चित्रपटांची स्वतंत्र परंपरा सुरू झाली, त्यामुळे फक्त कोलकात्याकडे पाहणाऱ्याच्या हाती अर्धाच इतिहास लागतो.

काही गोष्टी परतही आल्या आहेत. मादन कंपनीचा १९१९ मधील ‘बिल्वमंगल’ हा बंगालमधील पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट मानला जातो. त्याचा ५९४ मीटरांचा तुकडा पॅरिसच्या सिनेमाथेक फ्रांसेझमध्ये सापडला आणि २०१६मध्ये त्याची प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आली. त्या बदल्यात पुण्याने ‘जामाई बाबू’ (१९३१) या बंगाली मूकपटाची डिजिटल प्रत पॅरिसला दिली. दिग्दर्शक ऋत्विक घटक यांचा ‘नागरिक’ १९५२मध्ये पूर्ण झाला होता, पण तो १९७७मध्ये, घटकांच्या निधनानंतर, प्रदर्शित झाला आणि तोही खराब अवस्थेतील एका प्रिंटच्या आधारे. हरवलेली निगेटिव्ह सापडेल अशी आशा धरून बसण्यापेक्षा दुय्यम प्रती शोधणे अधिक फलदायी ठरते, हे यावरून ध्यानात घ्यावे.

दुसरी पायरी : विषय आवळावा, लिपी शिकावी

‘बंगाली चित्रपट’ हा विषय एका माणसाच्या आवाक्यातला नाही. एक स्टुडिओ, एक दशक, एक गीतकार, एखाद्या उपनगरातील बंद पडलेली चित्रपटगृहे किंवा एका मासिकाचे काही वर्षांचे अंक, यांपैकी एक निवडावे. माझ्या मते नवख्याने मोठ्या दिग्दर्शकांपासून सुरुवात करू नये. सत्यजित राय यांच्या चित्रपटांची काळजी घेणाऱ्या संस्था जगभर आहेत. १९४०च्या दशकातील सामान्य सामाजिक चित्रपट, विनोदी लघुपट आणि पौराणिकपट यांच्याकडे मात्र कोणी फिरकत नाही.

बंगाली लिपी मराठी वाचकाला थोड्या आठवड्यांत वाचता येऊ लागते, परंतु अंकांपाशी सावध राहावे. बंगाली सात आपल्या ‘१’ या अंकासारखा दिसतो, तर बंगाली चार रोमन आठसारखा. केवळ यामुळे एखाद्या अंकाचे साल कित्येक दशके पुढेमागे सरकू शकते. ‘ब’ आणि ‘व’ यांना बंगालीत एकच अक्षर असल्याने आणि इंग्रजी जाहिरातींत नावांची स्पेलिंगे मनाला येतील तशी दिल्यामुळे एकाच माणसाची तीन-चार रूपे भेटतात. नोंदवहीत मूळ बंगाली रूप जसेच्या तसे उतरवावे, प्रमाण रूप वेगळ्या रकान्यात द्यावे आणि मूळ रूप कधीही ‘सुधारू’ नये.

कालगणना हा यापेक्षा मोठा सापळा आहे. ‘नाचघर’, ‘रूपमंच’, ‘उल्टोरथ’ यांसारख्या नियतकालिकांच्या काळातील पुष्कळ छापील मजकुरावर बंगाब्द, म्हणजे बंगाली कालगणनेचे वर्ष, असतो. बंगाली वर्ष एप्रिलच्या मध्यावर, वैशाखात सुरू होते. वैशाख ते मार्गशीर्ष या महिन्यांसाठी बंगाब्दात ५९३ मिळवावेत, माघ ते चैत्र यांसाठी ५९४. पौष महिना डिसेंबर आणि जानेवारीत विभागलेला असतो, तेथे दिवस पाहूनच ठरवावे. उदाहरणार्थ, वैशाख १३३८ म्हणजे एप्रिल-मे १९३१, तर फाल्गुन १३३८ म्हणजे फेब्रुवारी-मार्च १९३२. बंगाली महिने सौर असतात, म्हणून आपल्या पंचांगातील चैत्र-वैशाखाशी त्यांची तंतोतंत सांगड घालण्याचा प्रयत्न करू नये.

तिसरी पायरी : नोंद

कोलकात्यातील कॉलेज स्ट्रीटवरील जुन्या पुस्तकांची दुकाने, धर्मतळ्यातील वितरकांच्या कार्यालयांतून निघालेले गठ्ठे, रद्दीवाले आणि वारलेल्या हौशी संग्राहकांची घरे ही अशा साहित्याची नेहमीची उगमस्थाने होत. गठ्ठा हाती आला की तो लगेच उलगडून वर्षवार लावण्याचा मोह होतो, तो आवरावा. गठ्ठ्यातील क्रम, दोरी, पाकीट, पाकिटावरील पत्ता आणि मागील बाजूची पेन्सिलची टिपणे हा सर्व पुरावा आहे. एकाच वितरकाच्या पाकिटातील सहा स्थिरचित्रांपैकी एकावरच चित्रपटाचे नाव असेल, तर उरलेल्या पाचांची ओळख त्या पाकिटामुळेच पटू शकते. पाकीट फेकले की ती ओळखही गेली. म्हणून आधी गठ्ठ्याची आहे त्या स्थितीत मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत, मग प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा आणि तो मऊ पेन्सिलीने मागील कोपऱ्यात किंवा वेगळ्या चिठ्ठीवर लिहावा. बॉलपेन, शाई आणि चिकटणारी लेबले वर्ज्य समजावीत.

साध्या स्प्रेडशीटमध्ये पुढील रकाने पुरतात : क्रमांक, वस्तूचा प्रकार, मूळ लिपीतील नाव, प्रमाण नाव, छापलेले साल, अनुमानित साल, अनुमानाचा आधार, मापे, अवस्था, कोणाकडून व केव्हा मिळाली, हक्कांविषयी टीप. यांतील ‘अनुमानाचा आधार’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. आधार न लिहिता दिलेले साल दोन वर्षांनी स्वतःलाही पटत नाही, आणि तरीही तेच साल दहा ठिकाणी उतरवले जाते.

चौथी पायरी : कागद हाताळणे आणि स्कॅन करणे

गाण्यांच्या पुस्तिका बहुधा आठ ते सोळा पानांच्या, स्वस्त कागदावर छापलेल्या आणि मधोमध तारेच्या टाचण्यांनी शिवलेल्या असतात. कोलकात्याच्या हवेत त्या टाचण्या गंजतात, गंज कागदात उतरतो आणि घडीवर पान तुटते. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, पुस्तिका सपाट टेबलावर ठेवावी आणि धूळ मऊ ब्रशने आतून बाहेर झटकावी. गंजलेली टाचणी ओढून काढू नये. तिची दोन्ही टोके पातळ बोथट पात्याने हळूहळू सरळ करावीत आणि मगच ती वर उचलावी. सेलोटेप आणि लॅमिनेशन या दोन गोष्टींनी वाळवीपेक्षा अधिक पुस्तिका संपवल्या असाव्यात. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि लॅमिनेट केलेला कागद सुरक्षितपणे पुन्हा मोकळा करणे जवळजवळ अशक्य असते. बुरशी दिसली तर मास्क घालावा, वस्तू इतरांपासून वेगळी करावी, सावलीत हवेशीर जागी आधी सुकवावी आणि नंतरच ब्रश लावावा. ओली बुरशी पुसली की ती पसरते.

स्कॅनिंगसाठी साधा फ्लॅटबेड स्कॅनर चालतो. कागद ओढून घेणारा फीडर मात्र कधीही वापरू नये. मूळ प्रत ६०० डीपीआयवर, पूर्ण रंगात, टिफ स्वरूपात ठेवावी, मग पान काळ्या शाईत छापलेले का असेना, कारण कागदाचा पिवळेपणा आणि शिक्क्यांचा रंग हीसुद्धा माहिती आहे. कडा कापू नयेत. पानाच्या चारही बाजूंना थोडी पार्श्वभूमी दिसू द्यावी आणि पहिल्या पानाशेजारी मोजपट्टी ठेवावी. स्कॅनरमधील छपाईचे ठिपके घालवणारी व धार वाढवणारी सोय मूळ प्रतीसाठी बंद ठेवावी. मलपृष्ठ, जाहिराती आणि कोरी पानेही स्कॅन करावीत. केशतेलाच्या किंवा ग्रामोफोन तबकड्यांच्या जाहिराती नवख्याला बिनमहत्त्वाच्या वाटतात. पुढच्या पायरीत त्यांचाच उपयोग होतो. वाचण्यासाठी व पाठवण्यासाठी टिफवरून वेगळी जेपीईजी करावी. फाइलचे नाव म्हणजे नोंदवहीतील क्रमांक आणि पानाचा क्रमांक, एवढेच पुरे.

प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलमधील मजकुरावरून संगणकाने काढलेला पडताळणीचा आकडा) काढून ठेवावा, म्हणजे पुढे एखादी फाइल मुकाट्याने बिघडली तर कळेल. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी, हा रिवाज घरगुती संग्रहालाही लागू पडतो. मूळ कागद आम्लविरहित पाकिटात किंवा पॉलिएस्टरच्या पिशवीत ठेवावा. बाजारात मिळणारी पीव्हीसीची मऊ पाने टाळावीत, आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाटही, कारण पावसाळ्यात ओल तेथेच धरते.

पाचवी पायरी : साल ठरवणे

पुष्कळ पुस्तिकांवर वर्षच नसते, आणि येथेच या कामाची खरी गोडी आहे. किंमत आधी पाहावी. आण्यांत छापलेली किंमत सहसा १ एप्रिल १९५७च्या आधीची असते, कारण त्या दिवशी दशमान नाणेपद्धती सुरू झाली. ‘नये पैसे’ असा उल्लेख असेल तर वस्तू १९५७ ते १९६४ या काळातील असण्याची शक्यता दाट असते. नंतर चित्रपटगृहांकडे वळावे. कोलकात्यात बंगाली चित्रपट तीन-तीन चित्रपटगृहांच्या साखळ्यांतून प्रदर्शित होत असत : रूपबाणी-अरुणा-भारती, मिनार-बिजली-छबिघर, उत्तरा-पूरबी-उज्ज्वला, श्री-प्राची-इंदिरा. एखाद्या वर्तमानपत्राच्या जाहिरातींतून या साखळ्यांचे आठवडेवार वेळापत्रक तयार केले, तर ‘आगामी आकर्षण’ म्हणून मलपृष्ठावर छापलेल्या दुसऱ्या चित्रपटावरून आपल्या पुस्तिकेचा महिनासुद्धा काढता येतो. चित्रपटगृहांची नावे बदलतात, हेही कामास येते. उत्तर कोलकात्यातील ‘चित्रा’ पुढे ‘मित्रा’ झाले, त्यामुळे पुस्तिकेवर ‘चित्रा’ असेल तर ती नामांतराच्या आधीची.

मुद्रणालयाची ओळ, वितरकाचा पत्ता, ध्वनिमुद्रणाच्या यंत्रणेचे नाव आणि तबकड्यांचे क्रमांक हे पुढचे आधार. हिंदुस्थान, मेगाफोन किंवा एचएमव्हीच्या तबकडीचा क्रमांक पुस्तिकेतील जाहिरातीत असेल, तर त्या कंपनीच्या मासिक सूचीशी तो ताडून पाहता येतो. सेन्सॉर प्रमाणपत्राचा तपशील मिळाला तर सोन्याहून पिवळे, कारण त्यात रिळांची संख्या आणि लांबीही असते. १९२० ते १९५० या काळासाठी कलकत्त्यातील बंगाल सेन्सॉर बोर्डाची कागदपत्रे शोधावी लागतात. त्यानंतरच्या काळासाठी केंद्रीय मंडळाची. १९२७-२८ मधील रंगाचारियार समितीपुढील (ही चित्रपटधंद्याची चौकशी करणारी सरकारी समिती) साक्षींचे खंड मूकपटांच्या काळातील धंदा समजून घेण्यासाठी आजही अजोड आहेत.

द्विभाषिक चित्रपटांबाबत विशेष सावध राहावे. न्यू थिएटर्सने एकाच सेटवर बंगाली आणि हिंदी आवृत्त्या काढल्या, कधी तेच कलाकार घेऊन तर कधी वेगळे. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’च्या मराठी-हिंदी आवृत्त्या परिचित असलेल्या वाचकाला ही पद्धत नवी नाही. ‘देवदास’मध्ये बंगालीत नायक स्वतः बरुआ आहेत, हिंदीत कुंदनलाल सैगल, तेथे स्थिरचित्र ओळखणे सोपे जाते. जेथे दोन्ही आवृत्त्यांत तेच चेहरे आहेत, तेथे चित्राच्या मागील शिक्का किंवा दृश्यातील फलकावरील लिपी सोडून दुसरा आधार नसतो आणि ‘आवृत्ती अनिश्चित’ असे लिहिणेच प्रामाणिकपणाचे ठरते. इंटरनेटवर हिंदी आवृत्तीची छायाचित्रे बंगाली आवृत्तीच्या नावाने बिनदिक्कत फिरत असतात. ती उतरवून घेऊ नयेत.

सहावी पायरी : फिल्म सापडलीच तर

डबा उघडण्यापूर्वी एक गोष्ट पक्की करावी. ३५ मिमीची, १९५०च्या दशकाच्या पहिल्या वर्षांपर्यंतची कोणतीही फिल्म नायट्रेटची, म्हणजे जुन्या, अतिशय ज्वालाग्राही प्रकारची, आहे असेच समजून वागावे. काठावर ‘सेफ्टी’ असे छापलेले असेल तरी पूर्ण विश्वास टाकू नये, कारण जुन्या निगेटिव्हवरून प्रिंट काढताना किंवा प्रिंटवरून नवी निगेटिव्ह काढताना काठावरील अक्षरेही उतरतात. नायट्रेट जळताना स्वतःच प्राणवायू निर्माण करते, म्हणून पाण्याने किंवा वाळूने ती विझत नाही, आणि कुजलेली नायट्रेट दीर्घकाळ सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमानात राहिली तर आपोआप पेटू शकते. हे तापमान आपल्याकडील उन्हाळ्यात माळ्यावर सहज गाठले जाते. पुण्यात जानेवारी २००३मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठाराला लागलेल्या आगीत प्रभातच्या चित्रपटांसह मोठा नायट्रेट साठा नष्ट झाला, तोही जाणकारांच्या देखरेखीखाली असताना. चिकट झालेली, मधासारखा द्रव सुटलेली किंवा तपकिरी भुकटी झालेली फिल्म दिसली तर डबा घट्ट न लावता थंड, हवेशीर जागी, माणसांच्या वावरापासून दूर ठेवावा आणि त्याच दिवशी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी संपर्क साधावा. अशी फिल्म टपालाने किंवा रेल्वेच्या सामानातून पाठवण्याचा विचारही करू नये. तिची साठवण आणि वाहतूक यांना कायद्याचे निर्बंध आहेत.

नंतरच्या काळातील ॲसिटेट या प्रकारची फिल्म सहजासहजी पेटत नाही, पण ती आंबते. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर विघटन सुरू झाले आहे. आम्लाची वाफ शेजारच्या रिळांनाही लागते, म्हणून असे रीळ ताबडतोब वेगळे करावे. विघटनाची पायरी मोजणाऱ्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या मिळतात. थंड आणि कोरडी हवा हा एकच उपाय. विघटन मंदावते, थांबत नाही. फिल्म जुन्या प्रोजेक्टरवर चालवून ‘काय आहे ते पाहू’ असे कोणीही सुचवले तरी ठाम नकार द्यावा. आकसलेल्या फिल्मची छिद्रे प्रोजेक्टरच्या दात्यांत पहिल्याच फेरीत फाटतात. सुरुवातीचे दोन-तीन फूट प्रकाशासमोर धरून भिंगातून पाहिले तरी शीर्षक कळू शकते.

लांबीवरून कालावधी काढण्याची रीत शिकून ठेवावी. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम) असतात. ‘बिल्वमंगल’चा ५९४ मीटरांचा तुकडा म्हणजे सुमारे १९५० फूट, अर्थात साधारण ३१,२०० चौकटी, सेकंदाला १८ चौकटी या मूकपटाच्या गतीने ते २८ मिनिटांहून थोडे अधिक भरतात. तोच तुकडा बोलपटाच्या २४च्या गतीने चालवला तर २२ मिनिटांच्या आतच संपतो आणि माणसे दुडक्या चालीने धावू लागतात. म्हणून नोंदीत मिनिटांबरोबर लांबी आणि गती दोन्ही लिहावीत.

प्रत्यक्ष पुनर्जतन हे घरगुती काम नव्हे, ते किती कष्टाचे असते एवढे मात्र जाणून घ्यावे. १९९३च्या जुलैमध्ये लंडनच्या हेंडरसन प्रयोगशाळेत लागलेल्या आगीत राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या निगेटिव्ह होरपळल्या. त्या जमतील तशा अमेरिकेच्या ॲकॅडमी फिल्म आर्काइव्हमध्ये जपून ठेवण्यात आल्या. पुढे इटलीतील बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्या ठिसूळ फिल्मला पुन्हा ओलावा देऊन, वितळलेले चिकटपट्टीचे भाग खरवडून आणि छिद्रे हाताने नव्याने बांधून स्कॅन करण्यात आले. त्यातून ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजित’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरून मिळाला, उरलेला दुय्यम प्रतींवरून घ्यावा लागला. ‘अपूर संसार’च्या निगेटिव्हचे मात्र काहीच करता आले नाही. जळालेल्या निगेटिव्ह त्या वेळी कोणी कचऱ्यात टाकल्या असत्या, तर त्याला दोष देणे कठीण गेले असते.

सातवी पायरी : व्हीसीडी आणि तबकड्या

कित्येक बंगाली चित्रपट सामान्य प्रेक्षकाला आज फक्त व्हीसीडीवरून किंवा दूरचित्रवाणीवरून उतरवलेल्या प्रतीतून उपलब्ध आहेत. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे, वर कंपनीचे बोधचिन्ह, मधून गाणी कापलेली. तरीही दुसरी प्रत मिळेपर्यंत हीच प्रत मोलाची. व्हीसीडीवरील चित्रफितीच्या भागाला साध्या डेटा-सीडीसारखे दुरुस्तीचे जादा संरक्षण नसते, म्हणून आतील फाइल नुसती कॉपी करण्याऐवजी संपूर्ण तबकडीची बिन-क्यू प्रतिमा (तबकडीची जशीच्या तशी नक्कल असलेली फाइलजोडी) काढावी. ओरखडे असतील तर दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर वाचून निकाल ताडून पाहावा. वेष्टनाचे कागदही स्कॅन करावेत, कारण हक्क कोणी कोणाला विकले हे बहुधा तेथेच छापलेले असते.

कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र ‘फोर-के’ करून देणारी साधने आता फुकट मिळतात. ती वापरू नयेत असे माझे म्हणणे नाही, परंतु त्यांतून निघालेली प्रत जतनाची प्रत म्हणून कधीही ठेवू नये. ते साधन व्हीसीडीत नसलेले डोळे, साडीचे काठ आणि भिंतीवरील अक्षरे कल्पनेने भरते, आणि आपण ज्या फलकावरील लिपी वाचून आवृत्ती ओळखणार होतो तोच फलक बनावट होतो.

हरवलेल्या चित्रपटांचा आवाज कधीकधी तबकड्यांवर उरलेला असतो. लाखेच्या या तबकड्या उभ्या ठेवाव्यात, त्यांवर स्पिरिट किंवा अल्कोहोल चुकूनही लावू नये, कारण लाख त्यात विरघळते. तबकडीवरील गाणे चित्रपटातील गाण्याहून निराळ्या वेळी व कधी निराळ्या गायकाकडूनही मुद्रित झालेले असे. ते पुस्तिकेतील शब्दांशी ओळ न् ओळ जुळवून पाहावे आणि फरक नोंदवावेत. जादवपूर विद्यापीठात जुन्या ध्वनिमुद्रणांच्या डिजिटल जतनाचे काम झालेले आहे, तेथील पद्धत पाहून घेणे उपयोगी पडते.

आठवी पायरी : हक्क

भारतीय कायद्यानुसार चित्रपटावरील स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६५मध्ये प्रदर्शित झालेला चित्रपट १ जानेवारी २०२६ रोजी मुक्त होतो. पुस्तिकेतील गीतांचा हिशेब वेगळा आहे, तेथे गीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षे मोजावी लागतात. कवी काझी नजरुल इस्लाम यांनी १९३४ मधील ‘ध्रुव’साठी गाणी रचली. तो चित्रपट कधीच मुक्त झाला, पण नजरुल १९७६मध्ये वारले असल्यामुळे ती गाणी २०३७च्या आरंभापर्यंत संरक्षित आहेत. अशा पुस्तिकेचे मुखपृष्ठ, श्रेयनामावली आणि तपशील खुले करावेत आणि गीतांची पाने स्कॅन करून स्वतःपाशी ठेवावीत. संग्राहकाने वस्तू दाखवली म्हणजे प्रकाशित करण्याची परवानगी दिली असे नव्हे. ती लेखी घ्यावी आणि त्याचे नाव द्यायचे की नाही हेही विचारावे.

नववी पायरी : सुपूर्द करणे आणि चौकशी चालू ठेवणे

महाराष्ट्रात राहणाऱ्याला एक सोय आहे. पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, जे १९६४मध्ये स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी घडवले, तेथे चित्रपटांबरोबर पुस्तिका, भित्तिपत्रके व स्थिरचित्रेही आहेत. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या जतनविषयक कार्यशाळांतून फिल्म तपासण्याचे प्राथमिक शिक्षण मिळते. कोलकात्यात जादवपूर विद्यापीठ, नंदन हे चित्रपटकेंद्र आणि सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकेंद्रातील हितेशरंजन सान्याल संग्रह, आणि सीमेपलीकडे ढाक्याचे बांगलादेश फिल्म आर्काइव्ह ही पुढची ठिकाणे. मूळ वस्तू देताना नोंदवहीची प्रत सोबत द्यावी, वस्तू दान आहे की केवळ ठेव, हे पत्रात स्पष्ट लिहावे आणि पोच घ्यावी. संस्थेला फक्त हार्ड डिस्क देऊन मोकळे होऊ नये. नोंदीविना हजार स्कॅन मिळाले तर त्यांचे काय करावे हे तेथील कोणालाच कळत नाही.

परदेशी संग्रहालयांना चौकशीचे पत्र लिहिताना चित्रपटाची सर्व पर्यायी नावे द्यावीत. ‘बिल्वमंगल’ला ‘भगत सूरदास’ असेही नाव होते, आणि सूचीत तो कोणत्या नावाखाली असेल हे बाहेरून सांगता येत नाही. निर्मितीसंस्था, साल, रिळांची संख्या, फुटांतील लांबी आणि उपलब्ध असल्यास एक स्थिरचित्र जोडावे, म्हणजे शीर्षक नसलेल्या डब्यातील तुकडा ओळखणे तेथील माणसाला शक्य होते. सर्व चौकशी एकाच पत्रात कोंबू नये. एका पत्रात एकच चित्रपट. ‘आमच्याकडे नाही’ असे उत्तर आले, तर ते कोणत्या तारखेला, कोणत्या नावांच्या शोधावरून आले हे नोंदवहीत लिहावे आणि संग्रहालयाची सूची नव्याने प्रकाशित झाली की तेवढ्याच नावांसाठी पुन्हा विचारावे.